चौकोनावरचा घुमट

पार्थेनॉनची बहुतेक सगळी छायाचित्रं बाहेरून काढलेली असतात. आतला भाग उद्ध्वस्त आहे, हे त्याचं एक कारण. 26 सप्टेंबर 1687 रोजी व्हेनिसच्या सैन्याने डागलेला गोळा आत साठवलेल्या तुर्की दारूवर पडला आणि इमारतीचा मधला भाग उडाला. पण दुसरं कारण जास्त जुनं आहे. ही इमारत मुळात बाहेरून पाहण्यासाठीच बांधली होती. इ.स.पू. 447 मध्ये काम सुरू झालं, 438 मध्ये फिडियासने घडवलेली अथेनाची सोन्या-हस्तिदंताची, सुमारे 12 मीटर उंच मूर्ती आत उभी राहिली आणि 432 पर्यंत शिल्पकाम पुरं झालं. उत्सवाच्या दिवशी शहरातून निघालेली मिरवणूक मात्र मूर्तीपुढे जाऊन थांबत नसे. वेदी उघड्यावर होती, बळी तिथे दिले जात, लोक तिथे जमत. आत राहायची ती देवी.

म्हणून इक्टिनॉस आणि कॅलिक्रेटिस या वास्तुविशारदांनी आपलं सारं कसब बाहेरच्या रूपावर खर्च केलं. जोतं सपाट दिसतं, पण ते मध्यभागी हलकेच उचललेलं आहे: लांब बाजूंवर सुमारे 11 सेंटिमीटर, आखूड बाजूंवर सुमारे 6. खांब आतल्या अंगाला किंचित कललेले आहेत, त्यांच्या कडा सरळ नसून मधे जराशा फुगीर आहेत आणि कोपऱ्यांतले खांब इतरांपेक्षा थोडे जाड आहेत. जोतं वक्र, खांब तिरपे, त्यावरची पट्टी पुन्हा वक्र. याचा अर्थ असा की पाथरवटाला कुठेच साधा काटकोन मिळत नाही. सांध्यात चुना नाही. दगड दगडावर घासून बसवलेला आणि लोखंडी पकडींनी जोडलेला, पकडी गंजू नयेत म्हणून त्यांवर शिसं ओतलेलं. अथेन्सच्या पाथरवटांइतकी नेमकी घडाई मला जगात फार थोड्या ठिकाणी दिसते.

आत मात्र हेच ग्रीक कारागीर अडले होते. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. दोन खांबांवर आडवी दगडी तुळई ठेवली की तिचा खालचा भाग ताणला जातो आणि अंतर वाढलं की तुळई मधोमध तडकते. म्हणून खांब जवळजवळ हवेत. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या मंडपात गेलेल्याला खांबांची ही दाटी ओळखीची आहे. पार्थेनॉनचं छप्पर लाकडी तुळयांवर होतं आणि वर संगमरवरी कौलं होती. तरीही आतल्या दालनात तीन बाजूंनी दुमजली खांबांच्या रांगा उभ्या कराव्या लागल्या. हजारो माणसांनी एकाच छताखाली, खांबांची अडचण न होता उभं राहावं, अशी जागा या पद्धतीने होणं शक्य नव्हतं. ग्रीकांना तिची गरजही वाटली नसावी.

ती गरज रोमनांना वाटली. न्यायालयं, बाजार, स्नानगृहं ही त्यांच्या शहराची अंगं होती आणि या सगळ्यांना आतली प्रशस्त जागा लागे. कमान त्यांनी शोधली नाही. ती त्यांच्या आधीपासून होती. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो, त्यामुळे ताणाचा प्रश्न बराचसा मिटतो. पण त्याच्या जागी दुसरा प्रश्न येतो. कमान आपल्या पायांना सतत बाहेर ढकलत असते. हा रेटा कुठे जिरवायचा, याचं उत्तर शोधण्यात पुढची अनेक शतकं गेली आणि या प्रकरणातली सगळी गोष्ट खरं तर त्या रेट्याचीच आहे.

रोमनांच्या हातात आणखी एक गोष्ट होती. नेपल्सच्या उपसागराला लागून पोत्सुओली नावाचं गाव आहे. तिथली माती ज्वालामुखीची राख आहे. भाजलेल्या चुन्यात ती मिसळली की चुना पाण्याखालीसुद्धा घट्ट होतो. विट्रुव्हियसने इ.स.पू. पहिल्या शतकात लिहिलेल्या आपल्या वास्तुग्रंथात या मातीचं वर्णन केलं आहे. रोमन काँक्रीट आजच्यासारखं साच्यात ओतत नसत. दगडविटांचे मुठीएवढे तुकडे आणि चुन्याचा घट्ट गारा यांचे थर गवंडी हाताने रचत जात. त्यात लोखंडाच्या सळ्या नसत. पोत्सुओलीजवळच बाया या ठिकाणी, श्रीमंतांच्या उष्णोदकाच्या स्नानगृहात, सुमारे 21 मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट आजही उभा आहे. त्याला मर्क्युरीचं मंदिर म्हणतात, पण ते मंदिर नव्हतं. मोठ्या घुमटाचा सराव रोमनांनी देवासाठी केला नाही, आंघोळीसाठी केला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. देवळाच्या बांधणीत परंपरा मोडायला माणूस कचरतो. हमामखान्यात कोणी हरकत घेत नाही.

या सरावाचं फळ म्हणजे रोममधलं पँथिऑन. दर्शनी पट्टीवर अग्रिप्पाचं नाव मोठ्या अक्षरांत कोरलेलं आहे. ते नाव इ.स.पू. पहिल्या शतकातल्या मूळ इमारतीचं. ती जळाली, पुन्हा बांधली, ती बांधणीही जळाली. आज दिसते ती वास्तू हेड्रियन बादशहाच्या काळात, इ.स. 126 च्या सुमारास पुरी झाली. हे नक्की कळलं ते 1892 मध्ये जॉर्ज शेदान या फ्रेंच वास्तुविशारदाने भिंतीतल्या विटांवरचे शिक्के वाचले तेव्हा. रोमन वीटभट्ट्या विटांवर शिक्का उठवत आणि काही शिक्क्यांवर त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावं असत. बांधणाऱ्याने स्वतःचं नाव झाकलं, विटांनी ते सांगितलं.

दर्शनी भागाचे खांब इजिप्तहून आणलेल्या ग्रॅनाइटचे, अखंड, 12 मीटरच्या आसपास उंच. पण हा भाग ओलांडून आत पाऊल टाकलं की ग्रीक देऊळ मागे पडतं. समोर 43.3 मीटर व्यासाची गोल जागा आहे, मधे एकही खांब नाही, आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच, 43.3 मीटर. एक पूर्ण गोल आत बसेल असं हे माप आहे. लोखंडाच्या सळ्या न घातलेल्या काँक्रीटच्या घुमटांत आजही हा जगातला सर्वांत मोठा आहे. सुमारे एकोणीसशे वर्षं हा मान टिकला आहे.

तो कसा टिकला, हे भिंत कापून पाहिल्यासारखं समजून घ्यायला हवं. गवंड्यांनी खालून वर जाताना मालातली खडी बदलत नेली. पायात जड ट्रॅव्हर्टाइन दगड, त्यावर ट्रॅव्हर्टाइन आणि टफ, मग टफ आणि वीट, आणि अगदी माथ्याशी सच्छिद्र, हलका प्युमिस. जाडीही घटत जाते: घुमटाच्या बुडाशी सुमारे 6 मीटर, माथ्याशी जेमतेम 1.2 मीटर. आतल्या अंगाला खोलगट चौकटींच्या पाच रांगा आहेत, प्रत्येक रांगेत 28. माथ्यावर तर घुमटच नाही. तिथे आठ-नऊ मीटर रुंदीचं उघडं भोक आहे. पाऊस तिथून आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. रेटा जिरवण्याचं काम करतात त्या खालच्या सहा मीटर जाडीच्या भिंती, आणि घुमटाच्या बुडाभोवती बाहेरून पायऱ्यांसारखी चढवलेली वजनदार कडी. तरीही घुमटाच्या खालच्या भागात उभ्या भेगा आहेत. गोल घुमट बुडाशी फाकू पाहतो आणि सळ्या नसलेलं काँक्रीट तिथे उकलतं. त्या भेगा जुन्या आहेत, घुमट त्यांच्यासकट स्थिर आहे.

609 मध्ये पोप बोनिफेस चौथे यांनी या वास्तूचं चर्च केलं, म्हणून ती मोडून तिचे दगड कोणी नेले नाहीत. छतावरचा सोनेरी पत्रा मात्र 663 मध्ये एका बायझंटाइन बादशहानेच उचकटून नेला.

पँथिऑनमध्ये एक मर्यादा आहे, आणि ती सौंदर्यामुळे सहज नजरेत येत नाही. गोल घुमट गोल भिंतीवर बसलेला आहे. भिंत अखंड हवी, जाड हवी, तिला मोठी खिडकी पाडता येत नाही. उजेड एकाच भोकातून येतो. अशा खोलीत मधोमध उभं राहावं आणि वर पाहावं. तिला पुढे-मागे नाही. चर्चला मात्र दिशा लागते: एका टोकाला प्रवेश, दुसऱ्या टोकाला वेदी, मधून पुरोहितांची मिरवणूक, दोन्ही अंगांना माणसं. म्हणून सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी रोमन न्यायालयाच्या लांबट दालनाचा नमुना घेतला, ज्यावर लाकडी छप्पर असे. लांबट दालनाची दिशा आणि घुमटाचं आकाश या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत आणायच्या, तर गोल घुमट चौकोनावर बसवावा लागणार होता.

ती वेळ आली दंगलीमुळे. जानेवारी 532 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या रथशर्यतींच्या मैदानात निळा आणि हिरवा असे दोन गट बादशहाविरुद्ध एक झाले. शहर काही दिवस पेटलं, जुनं मुख्य चर्च जळून खाक झालं, आणि शेवटी सैन्याने मैदानात अडकलेल्या लोकांची कत्तल केली. प्रोकोपियस या समकालीन इतिहासकाराने मृतांचा आकडा 30 हजारांच्या वर दिला आहे. महिनाभर उलटला असेल-नसेल, तोवर, 23 फेब्रुवारीला, जस्टिनियन बादशहाने नव्या चर्चचं, म्हणजे हागिया सोफियाचं, काम सुरू केलं. हागिया सोफिया पाहून भारावताना ही कत्तल विसरू नये असं मला वाटतं. ज्याची गादी जाता जाता वाचली, त्याने रक्त वाळायच्या आत आपली सत्ता दगडविटांत उभी करायला घेतली होती.

काम त्याने नेहमीच्या गवंडीकामातल्या माणसाला दिलं नाही. ट्रालीसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर हे दोघे भूमितीचे विद्वान होते. अँथेमियसने किरण एकवटणाऱ्या आरशांवर लिहिलं आहे. आर्किमिडीजच्या ग्रंथांच्या अभ्यासाशी इसिडोरचं नाव जोडलेलं आहे. पाच वर्षं आणि दहा महिन्यांत, 27 डिसेंबर 537 रोजी, इमारत उघडली. युरोपातली मोठी चर्चं पुढे शतकभर रखडत बांधली गेली, हे लक्षात घेतलं म्हणजे या वेगाचा अंदाज येतो.

आता मूळ कोडं. चौकोनाच्या चार बाजूंवर चार मोठ्या कमानी उभ्या केल्या. त्यांचे माथे एका पातळीवर आले. त्या माथ्यांना टेकून गोल कडं बसवायचं, तर चारही कोपऱ्यांत मोकळी जागा उरते. तिथे कड्याखाली काहीच नाही. नारळाची अर्धी करवंटी पालथी घालावी, तिच्या चार बाजू उभ्या छाटून बूड चौकोनी करावं, मग वरचा भाग आडवा कापून टाकावा. उरतात ते चार कोपऱ्यांतले, खाली टोकदार आणि वर रुंद होत गेलेले, आतल्या बाजूने खोलगट त्रिकोण. त्यांना पेंडेंटिव्ह म्हणतात. चारही त्रिकोणांच्या वरच्या कडा मिळून पूर्ण वर्तुळ होतं आणि घुमटाचं ओझं त्यांच्या टोकांतून चार खांबांत उतरतं. ही युक्ती छोट्या प्रमाणावर आधीही कोणी कोणी वापरली होती. 30 मीटरहून रुंद घुमटाखाली ती वापरण्याचं धाडस पहिल्यांदा इथे झालं. याच कोड्याचं दुसरं एक उत्तर आपल्याला विजापूरच्या गोलघुमटात पाहता येतं. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनाचा गोल केला आहे.

चार खांबांवर घुमट ठेवला की मधल्या भिंती ओझ्यातून सुटतात आणि त्यांना हव्या तेवढ्या खिडक्या पाडता येतात. रेट्याचं काय? पूर्व आणि पश्चिम बाजूंना मुख्य घुमटाला टेकून दोन अर्धघुमट आहेत, त्यांना टेकून आणखी लहान अर्धघुमट. रेटा पायरीपायरीने खाली उतरतो, आणि आतून पाहणाऱ्याला तीच रचना एक लांबच लांब, 80 मीटरच्या घरातली, खांबाविना पसरलेली जागा वाटते. दिशा मिळाली, आकाशही मिळालं. उत्तर आणि दक्षिण बाजूंना मात्र असे अर्धघुमट नाहीत. तिथे मोठ्या कमानी आणि त्यांच्याखाली खिडक्यांची पातळ भिंत आहे. या दोन बाजू पहिल्या दिवसापासून कच्च्या होत्या.

शिवाय कॉन्स्टँटिनोपलच्या परिसरात पोत्सुओलीची माती नव्हती. वरचं बांधकाम वीट आणि चुन्याचं, आणि चुन्याचा थर विटेपेक्षाही जाड. असा चुना सुकायला फार वेळ घेतो. बादशहा घाई करत होता, भिंती ओल्या असतानाच वर ओझं चढत होतं, आणि खांब बाहेरच्या अंगाला झुकत चालले होते. प्रोकोपियसने एक प्रसंग दिला आहे: पूर्वेची कमान पुरी होण्याआधीच तिचे खांब तडकू लागले, घाबरलेले अँथेमियस आणि इसिडोर बादशहाकडे धावले, आणि कमान पुरी करा म्हणजे ती स्वतःला सावरेल, असं बादशहाने सांगितलं. सल्ल्याचं श्रेय दरबारी लेखकाने धन्याला दिलं असेल. पण बांधकाम चालू असतानाच इमारत वाकत होती, हे आजच्या मोजणीतही दिसतं. खांब उभे ओळंब्यात नाहीत आणि घुमटाचं बूड खरं वर्तुळ नाही.

पहिला घुमट आजच्यापेक्षा बसका होता. घुमट जितका बसका तितका त्याचा बाहेरचा रेटा जास्त. डिसेंबर 557 च्या भूकंपाने त्याला खिळखिळं केलं आणि मे 558 मध्ये पूर्वेचा भाग कोसळला. अँथेमियस तोवर हयात नव्हता. इसिडोरचा पुतण्या, धाकटा इसिडोर, याने नवा घुमट सुमारे सहा मीटर उंच घेतला, त्यामुळे रेटा कमी झाला. 562 च्या डिसेंबरात चर्च पुन्हा उघडलं. जमिनीपासून माथा 55 मीटरहून थोडा वर. बुडाशी 40 फासळ्या आणि त्यांच्या मधे 40 खिडक्या. पँथिऑनमध्ये जिथे भेगा पडल्या, साधारण त्याच पट्ट्यात इथे खिडक्या आहेत. जे बांधकाम तिथे फाटणारच होतं, ते आधीच काढून टाकलं, आणि तिथून उजेड आत घेतला. ही या वास्तूतली मला सर्वांत आवडती गोष्ट आहे. खिडक्यांतल्या उजेडाने फासळ्यांची बुडं दिसेनाशी होतात आणि वरचा घुमट कशालाच टेकलेला दिसत नाही. पहिला घुमटही वरून साखळीने टांगल्यासारखा भासत असे, असं प्रोकोपियसने लिहिलं आहे.

989 मध्ये भूकंपाने पश्चिमेचा भाग पडला. तो दुरुस्त करायला त्रदात हा आर्मेनियन वास्तुविशारद आला. 1346 मध्ये पूर्वेचा भाग पुन्हा पडला, पुन्हा बांधला गेला. त्यामुळे आज जो एक घुमट दिसतो तो तीन काळांचा आहे: उत्तर-दक्षिण सहाव्या शतकाची, पश्चिम दहाव्याची, पूर्व चौदाव्याची. निरखून पाहिलं तर सांध्यांशी फासळ्या नीट जुळत नाहीत.

भिंतींबद्दल बोलायचं तर ती एक वेगळीच दुनिया आहे. थेसलीचा हिरवा संगमरवर, इजिप्तचा जांभळा पोर्फिरी, मार्मारा बेटाचा राखाडी रेषांचा पांढरा दगड. पातळ फळ्या कापून शेजारी शेजारी अशा लावलेल्या की दगडातल्या रेषांची जोडचित्रं व्हावीत. वर सोनेरी मोझाइक. काचेच्या दोन थरांत सोन्याचा वर्ख धरून केलेले हे नखाएवढे तुकडे ओल्या गिलाव्यात एकेक करून बसवत. सपाट आरशासारखा रंग येऊ नये, खालून चालणाऱ्याच्या नजरेला चमक हलती दिसावी, म्हणून तुकडे थोडे कमी-जास्त तिरपे ठेवत. जस्टिनियनच्या वेळच्या मोझाइकांत मुख्यतः क्रूस आणि नक्षी होती. पुढे आठव्या-नवव्या शतकांत पवित्र प्रतिमा करणंच योग्य की अयोग्य, यावर साम्राज्यात मोठा संघर्ष झाला आणि प्रतिमा फोडल्या गेल्या. 843 मध्ये प्रतिमांच्या बाजूने निकाल लागला. 867 मध्ये वेदीवरच्या अर्धघुमटात बसलेल्या मेरीची आणि बाळाची प्रतिमा सर्वांसमोर आली.

वरच्या सज्जात सम्राज्ञी झोईचं मोझाइक आहे. तिच्या शेजारी तिचा तिसरा नवरा, कॉन्स्टंटाइन नववा, पैशांची थैली घेऊन उभा आहे. त्याचा चेहरा आणि नावाची अक्षरं आधीचे तुकडे काढून नव्याने बसवलेली आहेत. त्याच सज्जाच्या कठड्यावर उत्तरेकडच्या कोणा भाडोत्री सैनिकाने रून लिपीत आपलं नाव कोरलं आहे. त्यातलं हाल्फदान एवढंच वाचता येतं. लांबलचक प्रार्थनेत त्याला कंटाळा आला असावा.

1453 मध्ये मेहमेद दुसऱ्याने शहर जिंकलं आणि हागिया सोफिया मशीद झाली. मोझाइकं पुढे टप्प्याटप्प्याने गिलाव्याखाली गेली; 1847 ते 1849 च्या दुरुस्तीत फोसाती बंधूंना ती सापडली, त्यांनी नोंदी करून ती पुन्हा झाकली, आणि 1931 पासून थॉमस व्हिटमोर या अमेरिकन अभ्यासकाच्या पथकाने ती उघडी केली. 1935 मध्ये वास्तू संग्रहालय झाली, 2020 मध्ये पुन्हा मशीद. पण इमारत म्हणून तिचं आयुष्य ज्याने लांबवलं तो सोळाव्या शतकातला ऑटोमन वास्तुविशारद सिनान. त्याने बाहेरून भक्कम टेकू बांधले, त्या कच्च्या राहिलेल्या बाजूंना आधार दिला. आज बाहेरून ही वास्तू बोजड दिसते ती बऱ्याच अंशी शतकानुशतकं चढत गेलेल्या अशा आधारांमुळे. मला ते बोजडपण खटकत नाही. आतल्या जागेसाठी बाहेरच्या रूपाने मोजलेली ती किंमत आहे, आणि पार्थेनॉनच्या नेमका उलटा हा सौदा आहे.

टेकू बांधता बांधता सिनानने या इमारतीचे सगळे दोष जवळून पाहिले. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत, 1550 ते 1557 दरम्यान, त्याने तिचाच आराखडा घेतला: मधे घुमट, दोन टोकांना अर्धघुमट. मग एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीत, 1568 ते 1574 मध्ये, त्याने चौकोनच सोडून दिला. आठ खांब वर्तुळात उभे केले आणि घुमटाचा रेटा चार कोपऱ्यांऐवजी आठ ठिकाणी वाटला, त्यामुळे एकही बाजू कच्ची उरली नाही. आपला घुमट हागिया सोफियापेक्षा मोठा असल्याचा दावा त्याच्या आठवणींत आहे. मोजणीत तो 31 मीटरच्या थोडा वर, म्हणजे व्यासाने जवळपास तेवढाच भरतो. उंचीने मात्र तो दहा मीटरहून जास्त खाली आहे.